झोपेतला श्वास
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यासमोर जमाखर्च मांडतो. यंदाही तो अहवालाच्या शेवटच्या पानांवर लेखापरीक्षकांच्या सहीनिशी छापलेला आहे, तेव्हा तो वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. आज एकाच खर्चाविषयी बोलण्याची परवानगी घेतो. पहिल्या मजल्यावर, जुन्या नोंदणी कक्षाच्या जागी, जी निद्रा-तपासणीची खोली या वर्षी सुरू झाली, तिच्याविषयी. हा प्रस्ताव आमच्याकडे प्रथम आला तेव्हा आम्ही तो नाकारला होता. त्या फाइलवर आमच्या हस्ताक्षरात शेरा आहे, 'तातडीचे नाही. पुढील वर्षी विचार व्हावा.' तो शेरा का लिहिला आणि नंतर का खोडावा लागला, हे आपल्याला सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य खतावण्या, निविदा आणि औषध भांडाराच्या साठ्यात गेले. छातीरोग विभागाच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितले की घोरणाऱ्या माणसांना एक रात्र झोपवून तपासण्यासाठी स्वतंत्र खोली, यंत्र आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ हवा, तेव्हा खरे सांगायचे तर आम्हाला हसू आले. घोरणे हा काय आजार? आमच्या लहानपणी वाड्यात ज्या गृहस्थांच्या घोरण्याने भिंती हादरत, त्यांना सगळे कुंभकर्ण म्हणत आणि त्यांना गाढ झोप लागते म्हणून त्यांचा हेवा करीत. डायलिसिसच्या खाटांसाठी रांग लागलेली असताना घोरणाऱ्यांसाठी खोली देणे आम्हाला पटले नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रात्री मालवाहू टेम्पो चालवणारे पन्नाशीचे एक गृहस्थ अपघात विभागात आले. पहाटे तीनच्या सुमारास सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्यांचा टेम्पो दुभाजकावर चढला होता. सुदैवाने दुसरे कोणी जखमी नव्हते. त्यांच्या हाताचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, परंतु नंतर देखरेख कक्षात आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई त्यांच्या खाटेजवळून हलेनात. रुग्ण मोठ्याने घोरे, मग एकदम शांत होई. छाती हलताना दिसे, पण नाकातोंडातून हवा येत नसे. प्राणवायूचा आकडा खाली जाई, गजर वाजे, रुग्ण दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास घेई आणि पुन्हा घोरू लागे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी बिलाच्या चौकशीसाठी आमच्या खोलीत आल्या. आम्ही सहज विचारले, "घरीही असेच होते का हो, वहिनी?" त्या म्हणाल्या, "साहेब, आठ वर्षं झाली. हे झोपले की मी जागी असते. श्वास थांबला की खांदा हलवते. मग सुरू होतो. दिवसा मी दोन घरची कामं करते, तेव्हा दुपारी थोडा डोळा लागतो." कोणा डॉक्टरांना सांगितले होते का, असे विचारल्यावर त्या ओशाळून म्हणाल्या, "घोरण्याचं काय सांगायचं डॉक्टरला?"

त्या संध्याकाळी आम्ही ती फाइल पुन्हा मागवली. आमच्या शेऱ्यामुळेच तो अपघात झाला असे आम्ही म्हणणार नाही. खोली असती तरी ते गृहस्थ तेथे पोहोचलेच असते असे नाही. पण विषय समजून न घेता शेरा लिहिला होता, ही चूक आमचीच होती. मग छातीरोग विभागाच्या डॉक्टरांकडे बसून, प्रश्न विचारून, त्यांनी दिलेले वाचून आम्ही जे समजून घेतले, ते आपल्यासमोर ठेवतो. वैद्यकीय त्रुटी राहिल्यास ती आमची समजावी, त्यांची नव्हे.

हा आजार जुनाच असला पाहिजे. चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८३६-३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ मुलगा रंगवला आहे, जो उभ्या उभ्या, काम करता करता झोपी जातो. १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टर बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन करताना त्या विकाराला 'पिकविकियन' हे नाव दिले. तो रुग्ण एका कंपनीतील अधिकारी होता. पत्त्यांच्या डावात हाती तीन एक्के आणि दोन राजे आले असताना तो झोपी गेला आणि हातचा डाव गमावून बसला. त्यानंतर काही दिवसांतच तो बोस्टनच्या रुग्णालयात दाखल झाला. इतकी झोप येते याचे कारण मात्र तेव्हा नीट उमगले नव्हते. फुप्फुसात कार्बन डाय-ऑक्साइड साठल्यामुळे गुंगी येत असावी, असा तर्क होता.

१९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो यांनी आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी अशा रुग्णांच्या झोपेतील श्वासाची नोंद केली, तेव्हा श्वास रात्रभर पुन्हा पुन्हा तुटत असल्याचे दिसून आले. जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा धरतात. झोपेत ते सैलावतात आणि ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, त्यांच्यात श्वास आत ओढताना मार्ग चिकटून बंद होतो. छाती-पोट धडपडतात, हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू घसरतो. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, श्वास सुरू होतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला तर तो एक प्रसंग मोजतात. तीव्र आजारात असे प्रसंग तासाला तीसहून अधिक होतात. रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. आपण आठ तास झोपलो असेच तो सांगतो आणि दिवसभर पेंगतो. १९७६ साली स्टॅनफर्ड येथील गिलेमिनो यांनी या सर्व प्रकारांना स्लीप ॲप्निया हे नाव रूढ केले. मराठीत निद्राश्वसनरोध म्हणता येईल, पण आमच्या बाह्यरुग्ण विभागात 'झोपेत श्वास अडकणे' एवढे म्हटले की नातेवाईकांना लगेच कळते.

आजार कळला, पण उपचार काय होता? तर गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. अडथळा घशात असल्यामुळे त्याच्या खालून श्वास घेतला की प्रश्न सुटे. दिवसा नळीला बूच लावायचे, रात्री काढायचे. उपचार गुणकारी होता, परंतु आयुष्यभर गळ्यात भोक घेऊन वावरायला कितीजण तयार होतील? बहुतेक रुग्ण नकार देत आणि तसेच दिवस काढीत.

येथे आम्ही ज्यांच्याविषयी सांगू इच्छितो ते डॉ. कॉलिन सलिव्हन येतात. ते ऑस्ट्रेलियातील सिडनीचे, फुप्फुसविकारांचे डॉक्टर. सत्तरच्या दशकात ते कॅनडात टोरंटो येथे डॉ. एलियट फिलिप्सन यांच्या प्रयोगशाळेत होते. तेथे झोपलेल्या कुत्र्यांवर श्वासाच्या नियंत्रणाचा अभ्यास चाले : झोपेत प्राणवायू कमी झाला तर प्राणी केव्हा जागा होतो, फुप्फुसाकडून मेंदूकडे कोणते संदेश जातात. वरवर पाहता यात रुग्णोपयोगी असे काही नव्हते. देणगीदारांसमोर असा प्रस्ताव आला असता तर आम्हीच प्रथम विचारले असते की कुत्र्यांच्या झोपेसाठी पैसे का द्यावेत. सिडनीला परतल्यावर कुत्र्यांच्या नाकावर घट्ट बसेल असा मुखवटा घडवण्याच्या खटपटीतून त्यांना सुचले की नाकावाटे किंचित दाबाने हवा सोडली, तर माणसाचा सैलावलेला घसा आतून उघडा धरता येईल.

दाबाने हवा देण्याची कल्पना नवी नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे मिटू नयेत म्हणून डॉ. ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सतत दाबाची हवा यशस्वीपणे वापरली होती, आणि आपल्या नवजात कक्षातही त्याच तत्त्वावरचे उपकरण आज चालू आहे. सलिव्हन यांचे वेगळेपण हे की त्यांनी तो दाब घशाला आतून आधार देण्यासाठी वापरला. मोडलेल्या हाताला जशी खपच्ची बांधतात, तशी ही हवेची खपच्ची.

जून १९८० मध्ये एका तीव्र आजाराच्या रुग्णाने गळ्याची शस्त्रक्रिया नाकारली, पण हा प्रयोग करून घेण्याची तयारी दाखवली. नाकात बसणाऱ्या नळ्या आणि एक हवा फेकणारे यंत्र एवढीच सामग्री होती. रुग्ण झोपला, श्वास अडकू लागला. सलिव्हन यांनी दाब हळूहळू वाढवला आणि अडथळा नाहीसा झाला. दाब कमी केला की अडथळा परत येई, वाढवला की जाई. मग दाब तसाच ठेवला. वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी झोपलेला तो माणूस गाढ झोपी गेला आणि दुसऱ्या दिवशी ताजातवाना होता.

१८ एप्रिल १९८१ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्ह्स या चौघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण पाचच होते. वापरलेला दाब साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. हा आकडा आम्हाला समजेना, तेव्हा डॉक्टरांनी आमच्या टेबलावरचा पाण्याने भरलेला पेला पुढे ओढला आणि म्हणाले, "यात नळी तळापर्यंत बुडवून फुंकर मारा. बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो, तेवढाच हा दाब." लहान मूलही तेवढी फुंकर मारू शकते. ज्यासाठी गळा कापत होते, ते काम पेलाभर पाण्याच्या दाबाने होत होते. आम्ही वैद्यकाचे विद्यार्थी नाही, परंतु काटकसर कशाला म्हणतात हे आम्हाला कळते.

पहिली यंत्रे आजच्यासारखी सुबक नव्हती. व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी वापरून हवा फेकली जाई, तिचा आवाजही तेवढाच मोठा. रुग्णाच्या नाकाचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्यावरून मुखवटा घडवत आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या चिकट लेपाने चेहऱ्यावर डकवावा लागे. तरीही ज्यांनी यंत्र घरी नेले, ते परत करायला तयार नसत. पुढे १९८९ मध्ये सिडनीत याच यंत्रांसाठी एक कंपनी उभी राहिली, जी आज रेसमेड या नावाने ओळखली जाते. तो व्यापाराचा भाग आम्ही येथेच सोडतो.

सलिव्हन घशापाशी थांबले नाहीत. स्नायूंच्या दुर्बलतेमुळे ज्यांना झोपेत पुरेसा श्वास घेता येत नाही, अशा रुग्णांना नाकावरील मुखवट्यातून रात्री कृत्रिम श्वास देण्याचे काम त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. आज अतिदक्षता विभागात नळी न घालता मुखवट्यातून श्वास दिला जातो, ते तंत्र रुजण्यात अशा कामांचा मोठा वाटा आहे.

आता फुप्फुसांच्या आजाराकडे येतो, कारण आपल्या रुग्णालयात येणाऱ्यांसाठी तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे. चुलीच्या धुराने किंवा विडी-सिगारेटने ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या आहेत, त्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. गाढ स्वप्नावस्थेच्या झोपेत छातीचे स्नायू ढिले पडतात आणि श्वासाचा बहुतेक भार एकट्या श्वासपटलावर येतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. सीओपीडीच्या रुग्णाला मात्र जागेपणीच श्वास अपुरा पडत असतो, त्यामुळे झोपेत त्याचा प्राणवायू झपाट्याने खाली येतो. एडिंबरा येथील प्राध्यापक डेव्हिड फ्लेनली यांनी याचा सखोल अभ्यास केला आणि १९८५ मध्ये ज्यांना सीओपीडी आणि निद्राश्वसनरोध हे दोन्ही आहेत, त्यांच्या अवस्थेला 'ओव्हरलॅप सिंड्रोम' असे नाव दिले. दोन्ही मिळून रात्रीचे नुकसान अधिक होते. अशा रुग्णाला नुसता प्राणवायू लावला तर आकडा सुधारेल, पण घसा बंदच राहील आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाढण्याचा धोका आहे. २०१० मध्ये स्पेनमधील डॉ. मारिन यांच्या अभ्यासात दोन्ही आजार असूनही दाबाची हवा वापरणाऱ्यांचे प्रमाण मृत्यूच्या बाबतीत केवळ सीओपीडी असणाऱ्यांइतकेच आढळले. न वापरणाऱ्यांचे अधिक होते.

आपल्याकडे आलेल्या एका आजींचे उदाहरण द्यावेसे वाटते. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या. विडी कधी ओढली नाही. दिवसा बोटाला यंत्र लावले तर प्राणवायू बरा दिसे, म्हणून घरी पाठवले जाई. तक्रार एकच : "सकाळी उठले की डोकं फुटायला होतं." नातू म्हणे, आजीला झोप पुरत नाही. खोली सुरू झाल्यानंतर त्यांना एक रात्र ठेवले, तेव्हा प्राणवायू पहाटेच्या सुमारास किती खाली जातो ते कागदावर उमटले. दिवसाच्या तपासणीत हे दिसण्याचा संभवच नव्हता.

हे परदेशचे आजार आहेत, असेही कोणी म्हणू नये. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या १९९३ मधील पाहणीत ३० ते ६० वयोगटातील २४ टक्के पुरुष व ९ टक्के स्त्रियांमध्ये झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला, आणि त्याच्या जोडीला दिवसा झोप येणे असे दोन्ही असणारे ४ टक्के पुरुष व २ टक्के स्त्रिया. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिघाड १९.५ टक्क्यांमध्ये, आणि लक्षणांसह आजार ७.५ टक्क्यांमध्ये. हे सर्वजण स्वतःला निरोगी समजत होते. आज या सभागृहात जितके पुरुष बसले आहेत, त्यांनी मनातल्या मनात हिशेब करावा. त्यांच्या शेजारी बसलेल्या भगिनींना तो करण्याची गरज नाही, त्यांना उत्तर ठाऊक असेल.

देणगीदारांपासून दुसरी बाजू लपवू नये, असा आमचा नियम आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमधील एका समीक्षेने या उपचाराचे पुरावे अपुरे असल्याचे स्पष्टपणे म्हटले होते. त्यावर वाद झाला. पण १९९९ मध्ये ऑक्सफर्ड येथील डॉक्टरांनी १०७ पुरुषांची चाचणी घेऊन उत्तर दिले. अर्ध्यांना पुरेसा दाब, अर्ध्यांना तसेच यंत्र पण निरुपयोगी इतका कमी दाब. पुरेसा दाब मिळालेल्यांचीच दिवसाची झोप खऱ्या अर्थाने कमी झाली. मात्र २०१६ मध्ये २,७१७ रुग्णांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात यांचे प्रमाण यंत्रामुळे घटल्याचे दिसले नाही. त्या चाचणीतील रुग्ण यंत्र सरासरी रात्री ३.३ तासच वापरत होते, हेही तितकेच खरे. झोप, मनःस्थिती आणि कामावरील हजेरी मात्र सुधारली. म्हणून या यंत्राने हृदय वाचते असे आमच्या माहितीपत्रकात छापलेले नाही. एका विश्वस्तांनी तसे वाक्य सुचवले होते. डॉक्टरांनी नम्रपणे नकार दिला आणि आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूल रुग्णांच्या या आजारासाठी टिर्झेपटाइड हे इंजेक्शन मंजूर झाले आहे. ते आपल्या रुग्णांना परवडेल का, हा वेगळा प्रश्न आहे.

आता आपल्या खोलीची हकीकत. खाट एकच आहे. रुग्ण रात्री नऊ वाजता येतो, तंत्रज्ञ डोक्याला, हनुवटीला तारा, छातीपोटाला पट्टे आणि बोटाला प्राणवायूचे यंत्र लावतो. इतक्या तारांत कोणाला झोप लागेल, अशी शंका आम्हाला होती. पण ज्यांना हा आजार आहे, ते तारा लावून होण्याआधीच पेंगू लागतात. तपासणीचे शुल्क ऐपतीनुसार घेतले जाते. ज्यांना यंत्र विकत घेता येत नाही, त्यांना रुग्णालयाच्या दोन यंत्रांपैकी एक तीन महिन्यांसाठी वापरायला देतो. मुखवटा प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, तो खर्च पुनःपुन्हा येतो.

सगळे सुरळीत झाले असेही नाही. एक यंत्र सहा आठवड्यांनी परत आले, जवळजवळ न वापरलेले. गृहस्थ म्हणाले, "नाकाला काहीतरी बांधून झोपायला लाज वाटते, सुनेसमोर." दुसऱ्या एका घरी रात्री वीज जात असे आणि यंत्र बंद पडून रुग्ण घाबरून उठत असे, तेथे इन्व्हर्टरची सोय एका देणगीदारांनी केली, त्यांनी नाव न घेण्याची अट घातली आहे. यंत्रे देऊन भागत नाही, पहिल्या पंधरवड्यात घरी फोन करून विचारपूस करावी लागते, हे आम्ही या दोन प्रसंगांतून शिकलो. त्यासाठी परिचारिका वर्गातील एका भगिनींना आठवड्यातून दोन दुपारी मोकळे केले आहे.

टेम्पोवाले गृहस्थ दोन महिन्यांनी यंत्राची नोंद दाखवायला आले होते. रोज सहा तासांच्या वर वापर होता. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ते गाडीवर बसले नाहीत, मालकाने तोवर त्यांना गोदामात काम दिले. बरोबर पत्नी होत्या. कशा आहात, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला मलाच झोप येईना साहेब. आवाज नाही म्हणून दोनदा उठून बघितलं."

सध्या यंत्रासाठी अकरा जण प्रतीक्षेत आहेत, त्यांतील चार जण वाहनचालक. तिसऱ्या यंत्रासाठी आवश्यक रकमेपैकी काही भाग मागील वर्षाच्या शिलकेतून बाजूला ठेवला आहे. उरलेल्या रकमेचा तपशील अहवालासोबतच्या पत्रकात दिला आहे. देणगी देताना 'निद्रा-तपासणी विभाग' असा उल्लेख करावा, म्हणजे तिचा हिशेब स्वतंत्र राहील.

ज्यांना खोली पाहायची असेल, त्यांनी चहापानानंतर आमच्याबरोबर वर यावे. मात्र साडेआठपर्यंत खाली उतरावे लागेल. आज नऊ वाजता एक रुग्ण येणार आहेत.